व्हायव्हॅक्स मलेरिया: स्लाइड पॉझिटिव्ह, पीसीआर निगेटिव्ह, शिवाय रिलॅप्स (जुना मलेरिया उलटणं) की नवा संसर्ग?

खाडीकाठ (ठाणे):
घोडबंदर रोडच्या बांधकाम साइट्सवर जुलैपासून फिल्टर पेपरवर रक्ताचे डाग घेतोय. स्लाइडवरच्या जाड थेंबात मायक्रोस्कोपखाली व्हायव्हॅक्स स्पष्ट दिसतो, पण बऱ्याच डागांतून नेस्टेड पीसीआरला (डीएनएचा ठराविक तुकडा दोन टप्प्यांत वाढवणारी चाचणी) जेलवर बँडच येत नाही. डीएनए एक्स्ट्रॅक्शन चेलेक्सने (धातूंचे आयन पकडणाऱ्या रेझिनच्या मण्यांनी). काही कामगारांना दीड-दोन महिन्यांनी पुन्हा ताप आलाय. दोन्ही वेळच्या परोपजीवीचा जीनोटाइप (जनुकीय ठसा) वेगळा निघाला तर नवा संसर्ग धरायचा का?

सेंट्रिफ्यूज (वाशी):
आधी पेपर बघा. पावसाळ्यात डाग वरून सुकलेला दिसतो, आतून ओलाच असतो. तसाच पिशवीत गेला की बुरशी, आणि डीएनएची वाट. आडवा, कशालाही न टेकवता रात्रभर सुकवा, जमल्यास एसी खोलीत. हेअर ड्रायर अजिबात नको, उष्णतेने रक्त कागदात पक्कं बसतं. मग प्रत्येक कार्ड वेगळ्या झिपच्या पिशवीत, सिलिका जेलसोबत. निळे दाणे गुलाबी झाले की बदला.

3 मिमीचे दोन-तीन पंच 0.5 टक्के सॅपोनिनमध्ये (लाल पेशी फोडणारा पदार्थ) रात्रभर 4 अंशांना ठेवा, मग पीबीएसने (मिठाचा बफर) धुवा. कागद पांढरट व्हायलाच हवा; तपकिरी राहिला तर उरलेलं हीम (रक्तातलं लोहयुक्त रंगद्रव्य) टॅक पॉलिमरेजला, म्हणजे पीसीआरच्या एन्झाइमला, अडवतं. पुढे 5 टक्के चेलेक्स, 95 अंश, 10 मिनिटं, मधूनमधून व्होर्टेक्स. स्पिन करून फक्त वरचा द्रव नव्या ट्यूबमध्ये. बहुतेकांचं इथेच फसतं: टिपमधून चेलेक्सचे मणी आले की ते पीसीआरला लागणारं मॅग्नेशियम ओढून घेतात आणि पीसीआर बसतो.

एक्स्ट्रॅक्ट दहापट पातळ करून लावा. आता बँड आला तर अडथळा होता. नाही आला तर माणसाच्या बीटा-ग्लोबिन जनुकाचा पीसीआर लावा; तोही नसेल तर डीएनए हातातच आलेला नाही. आणि व्हायव्हॅक्सचा बँड 120 बेस पेअरचा असतो, प्रायमर-डायमरच्या (प्रायमर एकमेकांना चिकटून होणारा खोटा बँड) अगदी वर. जेल 2 टक्क्यांचं घ्या आणि पुरेसं पळवा.

जाडथेंब (पनवेल):
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, धरू नका. यकृतात झोपलेले हिप्नोझोइट आधीच्या वेगळ्या चाव्यातले असू शकतात, त्यामुळे रिलॅप्सचा जीनोटाइप वेगळा निघणं नेहमीचंच. सारखा निघाला तरी रिलॅप्सच असं नाही. औषधातून वाचलेला परोपजीवीही असू शकतो. एमएसपी-3 अल्फा या एकाच जनुकाच्या आरएफएलपीवर (एन्झाइमने कापून तुकड्यांची लांबी बघणं) तर एवढा निष्कर्ष काढूच नये, मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे लहान तुकडे) बरेच घ्या आणि निकाल शक्यता म्हणूनच लिहा. मलेरियाच्या दुसऱ्या प्रकारात, फाल्सिपेरममध्ये, हिप्नोझोइट नसतात, म्हणून तिथे दोन वेळचे जीनोटाइप ताडून बघण्याला अर्थ आहे.

तुमचा दीड-दोन महिन्यांचा अवधी मात्र बोलका आहे. मलेरियावरचं क्लोरोक्विन रक्तात बरेच दिवस टिकतं आणि पहिला रिलॅप्स दाबून ठेवतं. तो उघडा पडतो साधारण याच सुमारास. मी आधी हिप्नोझोइट मारणाऱ्या प्रायमाक्विनची चौकशी केली असती: 14 दिवस पूर्ण झाले का? ताप उतरला की गोळ्या थांबतात. शिवाय कामगार गावाहून कधी आला, मागचा ताप कुठे आला होता, हे फॉर्ममध्ये हवंच. ठाण्यात सापडलेला व्हायव्हॅक्स ठाण्यातच चावलेल्या डासाचा असेल असं नाही.

खाडीकाठ:
औषधांचं रजिस्टर साइटवर मिळत नाही. गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजली तर?

जाडथेंब:
मोजा. प्रौढाला रोज 15 मिग्रॅ, म्हणजे 7.5 मिग्रॅच्या एकूण 28 गोळ्या. पण फेकलेली गोळीही पाकीट रिकामंच करते, म्हणून आकडा कमी निघाला तरच त्यावर विसंबा. आणि संमतीपत्रावर गावाकडचा एक फोन नंबर घ्या, साइट बदलली की इथला माणूस सापडत नाही.