मदत हवी आहे : स्कॉटिश म्हाताऱ्या माणसांचं बोलणं कळत नाही, शब्दांचे अर्थ सांगा

निशा_जो
स्कॉटलंडमध्ये नवीन आहे. इंग्रजीची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाले आहे, तो प्रश्न नाही. पण इथली ऐंशीच्या पुढची माणसं बोलायला लागली की अर्धं वाक्य डोक्यावरून जातं. कानाला ऐकू आले तसे शब्द लिहिते: फिट, फार, डूट, ऑक्स्टर, होस्ट, क्वाइन, वॉबिट. अर्थ हवेत, शक्यतो आजच. उद्या सकाळी सातला हजर व्हायचंय. 'हळूहळू सवय होईल' असं कृपया सांगू नका.

जुना_भिडू
पण सवय होतेच हो. मी ग्लासगोला बरीच वर्षं काढली. तिथे 'मेसेजेस' आणायला जातो म्हणजे किराणा आणायला. 'वेन' म्हणजे लहान मूल. 'क्लोज' म्हणजे बिल्डिंगचा सामाईक जिना. 'जिंजर' मागितलं तर आलं नाही, कुठलंही गॅसवालं थंड पेय. 'व्हेअर डू यू स्टे' म्हणजे राहता कुठे, मुक्काम कुठे असं नाही. एवढं पाठ करा, काम भागेल. तुमचं फिट-फार मात्र मी कधी ऐकलं नाही.

दर्यावर्दी
ग्लासगोत ऐकणारच नाही. फिट आणि फार ही ईशान्य स्कॉटलंडची डोरिक बोली. निशाताई, गाव कोणतं? अॅबर्डीन, पीटरहेड, एल्गिन? आणि ही माणसं कोण, घरमालक की शेजारी? त्यावर उत्तर ठरेल.

सुधा_नाशिक
ड्युओलिंगोवर स्कॉटिश गेलिकचा मोफत कोर्स आहे. रोज पंधरा मिनिटं करा.

दर्यावर्दी
सुधाताई, गेलिक वेगळी. ती केल्टिक कुळातली, आयरिशची बहीण. निशाताईंनी लिहिलेले शब्द स्कॉट्स भाषेचे आहेत, म्हणजे इंग्रजीच्याच कुळातले. गेलिक शिकून यातला एकही कळणार नाही.

व्हिसामित्र
ब्रिटनमधल्या वास्तव्य परवान्याची बीआरपी कार्डं बंद होऊन ई-व्हिसा आला आहे. खातं उघडलंत का? नसेल तर आजच उघडा.

निशा_जो
व्हिसाचं सगळं झालंय, धन्यवाद. मी अॅबर्डीनला आहे. पेशंट आहेत हो, मी नर्स आहे, सर्जरीचा वॉर्ड. आज एक आजी म्हणाल्या, 'आ डूट आम गान टा बोक.' बोक म्हणजे उलटी हे सोबतच्या मुलीने सांगितलं. डूट म्हणजे डाउट ना? म्हणजे उलटी होईलसं वाटत नाही?

दर्यावर्दी
नाही, नेमकं उलट! हे आधी लक्षात ठेवा. स्कॉट्समध्ये 'आय डूट' म्हणजे 'होणार असं वाटतंय', आणि बहुतेक वेळा नको असलेलीच गोष्ट. 'आय डूट इट्ल रेन' म्हणजे पाऊस येणार. आजींना उलटी होणार आहे, किडनी ट्रे हातात द्या.

आता बाकीचे. इंग्रजीतल्या प्रश्नांचा 'व' डोरिकमध्ये 'फ' होतो. फिट म्हणजे काय, फार कुठे, फॅन कधी, फा कोण. 'कसं'चं सुद्धा फू. 'फार्स इट सेर?' म्हणजे कुठे दुखतंय. 'फिट लाइक?' म्हणजे कसं काय. लून मुलगा, क्वाइन मुलगी. ऑक्स्टर म्हणजे काख. होस्ट म्हणजे खोकला. वॉबिट म्हणजे गळून गेलेला.

डॉ_मेधा
मी स्कॉटलंडमध्येच काम करते, म्हणून भर घालते. 'थोल' म्हणजे सोसणं. कुणी 'कॅना थोल इट' म्हणालं तर वेदनाशामकाचं लगेच बघा, कारण ही पिढी दुखणं सहसा बोलून दाखवत नाही. 'ड्वाम' म्हणजे गुंगीत, भान हरपल्यासारखं. ते ऐकलंत तर बीपी आणि साखर तपासा. 'हर्पल' लंगडत चालणं, 'पीली-वॉली' चेहरा पांढरा पडलेला, 'ग्रीट' रडणं, 'स्टूकी' प्लास्टर. कळलं नाही तर मान डोलवू नका. बोटाने दाखवायला सांगा, नाहीतर तिथल्याच हेल्थकेअर असिस्टंटला बोलवा. नोंदीत पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहा, शेजारी अर्थ लिहा.

जुना_भिडू
एवढं कशाला? ही इंग्रजीची खेडवळ बोली आहे. पेशंटला सांगा, जरा नीट बोला.

डॉ_मेधा
आजारी माणसाला 'नीट बोला' म्हणायचं नसतं. या लोकांना शाळेत हेच बोलल्याबद्दल शिक्षा व्हायची. डॉक्टरसमोर ते जपून इंग्रजी बोलतात आणि वेदना वाढली की घरची भाषा तोंडात येते. माझ्या मते ती आली की जास्त लक्ष द्यायला हवं. आणि खेडवळ म्हणू नका. २०२२च्या जनगणनेत पंधरा लाखांहून जास्त लोकांनी स्कॉट्स बोलता येते असं नोंदवलं. २०२५मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने कायदा करून तिला अधिकृत दर्जा दिला.

जुना_भिडू
कायद्याने भाषा होत नाही. तसं म्हटलं तर मालवणी आणि वऱ्हाडी सुद्धा वेगळ्या भाषा म्हणाव्या लागतील.

कुडाळकर
मालवणी वेगळीच आसा. पुण्यातल्या माणसाक एकदा आमच्या बाजारात उभो करा, मगे बोला.

सुधा_नाशिक
कुडाळकर, वेगळा धागा काढा ना. निशाला सकाळी सातची ड्युटी आहे.

दर्यावर्दी
निशाताई, 'डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज' ही साइट मोफत आहे. १९३१ ते १९७६ दरम्यान निघालेला दहा खंडांचा स्कॉटिश नॅशनल डिक्शनरी हा कोश अख्खा तिथे आहे. एकाच शब्दाची चार-चार स्पेलिंगं असतात, एक चाललं नाही तर दुसरं घालून बघा.

निशा_जो
सगळ्यांचे मनापासून आभार. डूटसाठी तर फारच. डॉ. मेधा, नोंदीचं उद्यापासून तसंच करते. अजून एक राहिलं. रोज सकाळी एक आजोबा 'फूस यर डूस?' विचारतात आणि उत्तराची वाट बघतात. हा डूस त्या डूटमधलाच का?

दर्यावर्दी
नाही, डू म्हणजे कबूतर. 'तुमची कबुतरं कशी आहेत?' म्हणजे कसं चाललंय. उत्तर ठरलेलं असतं: 'आय पेकिन', दाणे टिपतायत. उद्या एवढंच म्हणा.