लेआउटमध्ये आधी रस्ता करावा की ड्रेनेज आणि पाण्याची लाइन?

प्रश्न

नमस्कार. आमच्या शिक्षकांच्या गृहनिर्माण संस्थेने तालुक्याच्या गावाबाहेर साडेचार एकरांवर ४२ प्लॉटचा लेआउट मंजूर करून घेतला आहे. जमीन काळी असून उतार पूर्वेकडे, ओढ्याच्या बाजूला आहे. अंतर्गत रस्ते ९ मीटरचे आहेत. पावसाळ्याआधी खडीकरण आणि डांबरीकरण उरकून घ्यावे, म्हणजे सभासदांना प्लॉटवर जाता येईल, आणि ड्रेनेज, पाणी व वीज नंतर रस्त्याच्या कडेने टाकता येईल, असे ठेकेदाराचे म्हणणे आहे. नगरपरिषदेचे चेंबर पूर्वेच्या कोपऱ्यावर असून त्याचा तळ जमिनीपासून १.६ मीटर खाली आहे. लेआउटच्या वरच्या टोकापासून तिथपर्यंतचे अंतर २४० मीटर आणि जमिनीचा उतार १.२ मीटर भरतो. हा क्रम योग्य आहे का?

उत्तर १ (स्थापत्य अभियंता)

क्रम उलटा आहे, आणि त्याचे कारण आपण दिलेल्या आकड्यांतच आहे. पाणी आणि वीज वळवून, वर-खाली करून नेता येते. सांडपाणी मात्र केवळ उताराने वाहते, त्यामुळे लेआउटमधील बाकी सर्व पातळ्या ड्रेनेज ठरवते. सुरुवातीच्या काही वर्षांत पाच-सात घरेच उभी राहतील आणि पाइपात पाण्याची बारीक धारच असेल, म्हणून १५० मिलिमीटरच्या पाइपाला मी १०० मीटरला १ मीटर उतार धरतो. म्हणजे २४० मीटरला २.४ मीटर उतार लागेल. वरच्या टोकाला पाइपाचा तळ ०.९ मीटर खोल ठेवला, तर जमिनीचा १.२ मीटर उतार वजा जाता शेवटी तो २.१ मीटर खोल जातो, आणि आपले चेंबर तर १.६ मीटरवरच आहे. अर्धा मीटर कमी पडतो!

यावर पंप बसवण्यापेक्षा वरच्या टोकाला सुमारे ६० सेंटिमीटर मुरुमाचा भराव घालून तो खाली निमुळता करत आणावा. मग लाइन चेंबरच्या तळापेक्षा दहा सेंटिमीटर वर येऊन मिळते. हा भराव डांबरीकरणानंतर घालता येणार नाही, हे ठेकेदाराला आकड्यांसह दाखवावे. मोठा पाइप घेऊन उतार कमी करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण कमी पाण्यात रुंद पाइपात गाळ लवकर साचतो.

सर्वांत खोल काम सर्वांत आधी, म्हणजे ड्रेनेज, मग पावसाळी गटार, मग पाण्याची लाइन, मग केबल. पाण्याची लाइन ड्रेनेजपासून शक्यतो ३ मीटर दूर, म्हणून दोन्ही रस्त्याच्या विरुद्ध बाजूंना टाकाव्यात. जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे पाण्याची लाइन वर असावी आणि मध्ये किमान अर्धा मीटर अंतर असावे. पाण्याच्या लाइनचे जोड उघडे असतानाच दाबाची चाचणी घ्यावी. ड्रेनेजचे चेंबर दर ३० मीटरला धरावे.

उत्तर २

आमच्या वसाहतीत नेमके हेच झाले, म्हणून लिहितो. डांबरीकरणानंतर सहा महिन्यांनी पाण्याच्या लाइनसाठी रस्ता फोडला गेला. ठेकेदाराने चरातून निघालेली काळी मातीच परत चरात ढकलली आणि वरून थोडी खडी पसरून जेसीबीचे बकेट दोनदा आपटले. पहिल्याच पावसात रस्त्याच्या मधोमध चाळीस मीटर लांबीची खोलगट नाली तयार झाली, आणि दुधाच्या टेम्पोचे मागचे चाक तिच्यात रुतले. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून चर मुरुमानेच भरावा. १५ ते २० सेंटिमीटरचा एकेक थर पाणी मारून दाबून घ्यावा, आणि ते काम चालू असताना संस्थेचा एक माणूस जागेवर उभा असावा. पैसे शेवटी सभासदांच्याच खिशातून गेले.

उत्तर ३ (विद्युत ठेकेदार)

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. फक्त रस्त्याखालून आडवे पाइप आत्ताच टाकून ठेवा, दोन-तीन रिकामे जास्तीचेही ठेवा, कारण पुढे इंटरनेटवाला येणारच. लघुदाबाची केबल किमान ७५ सेंटिमीटर, ११ केव्हीची ९० सेंटिमीटर आणि रस्ता ओलांडताना कोणतीही १ मीटर खोल असावी. वर-खाली वाळू आणि त्यावर विटा घालाव्यात. महावितरणकडे १.३ टक्के सुपरव्हिजनच्या योजनेत (काम आपल्या खर्चाने आपणच करायचे आणि महावितरणला फक्त देखरेखीचे शुल्क भरायचे) काम करायचे असेल, तर एस्टिमेट मंजूर होण्याआधी चर खणू नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी गणित शिकवतो, तरीही उताराची वजाबाकी केली नव्हती, याची थोडी लाज वाटली. रविवारच्या बैठकीत हेच आकडे मांडले. भराव, ड्रेनेज, पावसाळी गटार, पाणी आणि आडवे पाइप आता करायचे, रस्ता यंदा खडीकरणापर्यंतच ठेवायचा आणि एक पावसाळा बसू द्यायचा, असे ठरले; डांबराची रक्कम ठेकेदाराला तोवर द्यायची नाही. एक शंका मात्र उरते: भरावामुळे वरच्या आठ प्लॉटची जोत्याची पातळी वाढेल, तर त्यांच्या मुरुमाचा खर्च संस्थेने सोसावा की त्या सभासदांनी?

उत्तर १ (स्थापत्य अभियंता)

भराव साऱ्या लेआउटच्या ड्रेनेजसाठी होत आहे, त्यामुळे तो खर्च विकास खर्चात ४२ प्लॉटवर क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटावा. जोत्यातील मुरूम मात्र ज्याच्या त्याच्या खर्चाने.