अनमोड घाटात माकडाला बिस्किट देणाऱ्यांना

चोर्लापायथा:
परवा ग्रुपवर एक फोटो फिरत होता. गोव्यातून बेळगावकडे जाणाऱ्या अनमोड घाटात गाडी कडेला लावून एक बाई माकडाच्या हातात बिस्किटाचा पुडा देतेय, शेजारी तिची लहान मुलगी टाळ्या वाजवतेय. खाली लिहिलंय, "भीती माणसाच्या मनात असते, मुक्या जिवाला फक्त प्रेम कळतं." त्यावर बदामांचा पाऊस. मी तिथेच उत्तर लिहायला घेतलं, लांबलं म्हणून इथे टाकतेय.

तीन आठवड्यांपूर्वी माझा सहा वर्षांचा भाचा सोप्यावर, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीवर, बसला होता. हातात दुकानातून आणलेली पिशवी. माकड आलं, पिशवी धरली, पोराने सोडली नाही. दंडाच्या आतल्या बाजूला चार दात. रक्त फार नव्हतं, पण कातडी सालीसारखी सुटली होती, आणि पोर पिशवी घट्ट धरूनच रडत होतं. आत पाव होते. पिशवी म्हणजे खाणं हे त्या माकडाला माझ्या बहिणीने शिकवलेलं नाही, घाटातून जाणाऱ्या गाड्यांनी शिकवलंय. तुम्ही फोटो काढून बेळगावला पोचता. माकड आमच्याकडे राहतं.

आणि त्या फोटोत माकडाचे दात दिसताहेत. लोक म्हणतात हसतंय. माकड दात दाखवतं ते घाबरलं म्हणून, नाहीतर धमकी द्यायला. ती मुलगी त्याच्यापासून हातभर अंतरावर आहे.

म्हापसेकर:
पोराचं वाचून वाईट वाटलं. पण एका चाव्यावरून सगळ्यांना गुन्हेगार करू नका. माझे वडील दर शनिवारी मारुतीच्या देवळामागे वानरांना केळी घालायचे. तीस वर्षांवर घातली, एक ओरखडा नाही. ते गेले त्या आठवड्यात मी केळी घेऊन गेलो, तर एक म्हातारं वानर कौलांवरून उतरलं आणि माझ्या हातातून केळं घेऊन गेलं. मी तिथेच बसून रडलो. त्याला धोका म्हणायची माझी तयारी नाही.

चोर्लापायथा:
तुमच्या वडिलांबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण वानराचं पोट पाला पचवायला केलेलं असतं, आत कप्पे असतात, पाला तिथे आंबतो. गोड आणि पिठाचं सतत पोटात गेलं की ते बिघडतं. आणि तुमच्या हातातून शांतपणे घेणारं वानर उद्या रिकाम्या हाताने आलेल्या पोराशी कसं वागेल, याची हमी तुम्ही देऊ शकत नाही.

कुळागरवाला_सांगे:
प्रेम की धोका, ही चर्चा तुम्ही करा. मला हिशेब मांडू द्या. केळीचा घड तयार व्हायच्या आत जातो. नारळ कोवळे असतानाच पोखरून टाकतात, पाडेलीला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, मजुरी देऊन वर चढवावं तर खाली येतं ते निम्मं फुकट. वरून शेकरू, खालून डुक्कर. भरपाईचा अर्ज केला. पुरावा म्हणून कुरतडलेले नारळ पोत्यात भरून ठेवले. दोन महिन्यांनी माणूस आला तोवर ते कुजून गेले होते, आणि त्याने लिहिलं की नुकसान दिसत नाही. बंदूक घराण्यातली आहे, ती चालवली तर मी तुरुंगात. आणि इथे बिस्किटाचे लाड.

रानवाट:
नुकसान खरं आहे, पण उपाय बंदूक नाही. बिबटा-वाघ राहिले तर माकडांवर वचक राहतो. तेच आपण संपवले. २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात, गोळावलीला, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. चार वाघ एकदम. गोव्यात व्याघ्र प्रकल्प तेव्हाच व्हायला हवा होता.

कुळागरवाला_सांगे:
आलंच. त्या वाघिणीने ज्यांची गुरं मारली त्यांचं कुणी नाव काढत नाही. ज्याचं घर दोन म्हशींवर चालतं त्याची एक म्हैस गेली की अर्धं घर गेलं. विष घालणं चूक, लिहून देतो. पण वाघ हवा म्हणणारे सगळे फ्लॅटमध्ये राहतात.

रानवाट:
मी फ्लॅटमध्ये राहत नाही, माझं घर खांडेपारला आहे. आणि २०२३ च्या जुलैत उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत प्रकल्प अधिसूचित करा म्हणून सांगितलं. सरकार उलट सर्वोच्च न्यायालयात गेलं. लोकांना घरादारातून उठवणार ही भीती कुणी पसरवली?

कुळागरवाला_सांगे:
भीती पसरवावी लागत नाही. १९९९ मध्ये म्हादई आणि नेत्रावळी अभयारण्यं झाली तेव्हा आम्हाला कुणी विचारलं? आजोबांनी लावलेल्या काजूखाली उभं राहून आजही हक्काचे कागद शोधतोय. आधी ते द्या, मग वाघाचं बोलू.

रानवाट:
हे मान्य. वनहक्काचे दावे रखडलेत, हे चुकीचंच आहे. त्यामुळे विष बरोबर ठरत नाही.

आरोग्यसेविका:
वाघ बाजूला ठेवा जरा. २०१५ मध्ये सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात माकडताप आला तेव्हापासून मी गोचीड चढू नयेत म्हणून हातापायाला लावायचं तेल घेऊन घरोघर फिरलेय. काजूचा हंगाम आणि तापाचा हंगाम एकच, जानेवारी ते मे. बिया गोळा करताना सुक्या पाल्यातले गोचीड अंगावर चढतात. जंगलात माकड मेलं की त्याच्या अंगावरचे गोचीड तिथेच आजूबाजूला पसरतात. एका घरात नवरा-बायको दोघंही तापाने फणफणलेली, चुलीवर पेज तशीच, ढवळायला कोणी नाही. मी ती पेज उतरवली आणि गाडी बोलावली. माकडांचा कळप घरादाराजवळ यावा असं मला तरी वाटत नाही.

म्हापसेकर:
ताई, माकडताप गोचिडाने होतो, केळं दिल्याने नाही. घाबरवायला काहीही जोडू नका.

आरोग्यसेविका:
केळ्याने होत नाही, मान्य. मी तसं म्हटलेलंही नाही. कळप अंगणात रुळला की गोचीड अंगणात, एवढंच सांगतेय. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, वन खात्याला कळवा. आणि चावा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. हळद, चुना, कॉफी काही नको. लगेच इंजेक्शन.

खाजनकाठ:
म्हापसेकर, तुम्ही श्रद्धेचं बोलता म्हणून लिहितो. आमच्याकडे कुंभारजुवे कालव्याला मगरी आहेत. पौष अमावास्येला खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधावर चिखलाची मगर थापून तिची पूजा होते, माणगे थापणी. लहानपणी ओल्या चिखलात तिच्या पाठीवर शिंपले रोवताना मी पाहिलेत. नैवेद्य, प्रार्थना, सगळं त्या चिखलाच्या मगरीला. खऱ्या मगरीला भरवायला कुणी पाण्यात उतरत नाही. आता होड्यांतले पाहुणे तिच्या जवळ, अजून जवळ न्या म्हणतात. पूजा करणाऱ्या म्हाताऱ्यांना ते बघवत नाही.

म्हापसेकर:
चिखलाच्या मगरीचं वाचून मी थोडा वेळ थांबलो. केळी घालणं सोडणार नाही, ते माझं वडिलांशी नातं आहे. पण हातातून देणार नाही, नातीला बरोबर नेणार नाही. आणि घाटात गाडी थांबवून पुडे फेकतात त्यांची बाजू मी घेत नव्हतो.

चोर्लापायथा:
मग आपण फार लांब नाही. पण केळी घालणं मला अजूनही पटलेलं नाही.

आरोग्यसेविका:
भाच्याची इंजेक्शनं पूर्ण झाली का?

चोर्लापायथा:
तीन झाली. अठ्ठाविसाव्या दिवसाचं राहिलंय, येत्या मंगळवारी. पिशवी हातात घेऊन सोप्यावर यायला तयार नाही तो.