ऑक्युपेशनल थेरपी: पक्षाघातानंतरचा समाजातला वावर, यावर संशोधनात करिअर होतं का?

दुपारची_ओपीडी: न्यूरो रिहॅबमध्ये (मेंदूच्या आजारानंतरच्या पुनर्वसनात) ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे पेशंटला रोजची कामं पुन्हा जमवून देणारी, म्हणून काही वर्षं काम करतेय, आता पीएचडी करायचीय. घरी गेलेला पेशंट बाजारहाट, भेटीगाठी, कामधंदा पुन्हा सुरू करतो का, हा माझा विषय. पण वरिष्ठ म्हणतात, "हाताची ताकद घे, बार्थेल घे, आकडे सरळ मिळतात." (बार्थेल म्हणजे खाणं, आंघोळ, चालणं अशी रोजची कामं स्वतः किती जमतात याचे गुण.) काय करू?

जुनी_ओटी: करिअर होतं, माझं त्यावरच चाललंय. बार्थेल घ्याच, पण तिथे थांबू नका. महोनी आणि बार्थेल यांच्या १९६५ च्या मूळ लेखातच म्हटलंय की १०० पैकी १०० गुण मिळाले म्हणून माणूस एकटा राहू शकेल असं नाही. स्वयंपाक, घर चालवणं, चारचौघांत वावरणं जमणारही नाही. लेखाचा दाखला सगळे देतात, ही ओळ फारसं कुणी वाचत नाही!

मी संशोधनात शिरले ते अशाच एका निवृत्त शिक्षकांमुळे. गुण पूर्ण, हात छान. पण घराबाहेर पाऊल नाही. रस्ता ओलांडताना गाडीच्या वेगाचा अंदाज येईना, आणि ओळखीचं कुणी भेटलं नि शब्द अडकला तर, ही धास्ती. ग्रिप मोजून हे कसं कळणार?

आकडेमोड्या: पण संशोधनाला पैसे देणाऱ्या ग्रँट समितीला 'सहभाग', म्हणजे हा समाजातला वावर, मोघम वाटतो.

जुनी_ओटी: वाटतो खरा. म्हणून आधी नॉटिंगहॅमच्या संशोधकांचं काम वाचा. २००४ च्या त्यांच्या चाचणीत १६८ जण होते. थेरपिस्टने बाहेर पडण्याचा सराव करून घेतलेले लोक, नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांपेक्षा जास्त बाहेर पडले. पुढच्या मोठ्या चाचणीत घराबाहेरच्या फेऱ्या वाढल्या, पण सामाजिक जीवनाच्या प्रश्नावलीत ठोस फरक दिसला नाही. माझ्या मते पीएचडीचा प्रश्न इथेच आहे: बाहेर पडणं वाढलं, मग वावर का नाही? फेऱ्या मोजाच, शिवाय सीओपीएम (कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर) घ्या. त्यात कामं पेशंटच निवडतो आणि जमणं व समाधान यांना १ ते १० गुण देतो. संख्याशास्त्रज्ञ पहिल्या दिवसापासून सोबत हवा. आणि ओपीडी सोडू नका, प्रश्न तिथेच सापडतात.

दुपारची_ओपीडी: धन्यवाद ताई. अफेजिया (मेंदूच्या इजेमुळे बोलणं-समजणं अडणं) असलेल्यांकडून सीओपीएम कसं घेता?

जुनी_ओटी: कामांचे फोटो पुढे ठेवते, वेळ भरपूर देते. नातेवाइकांचं मत वेगळ्या रकान्यात. ते पेशंटचं म्हणून भरायचं नाही, घाई असली तरी.