'पेशी चाळीस हजारांवर आल्या', पण कोणत्या?

प्रश्न : भाच्याला डेंग्यू झालाय. ताई फोनवर म्हणाली, "पेशी कमी झाल्यात." रिपोर्ट मागवला तर टीएलसी २,८०० आणि प्लेटलेट ८६,०००. नुसतं 'पेशी' म्हटल्यावर यातल्या कोणत्या धरायच्या?

— डेंग्यूत 'पेशी' म्हणजे प्लेटलेट. रक्तबिंबिका, रक्तपट्टिका हे शब्द पुस्तकातच राहिले. गंमत म्हणजे प्लेटलेट ही धड पेशीही नाही, अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींचे ते तुकडे. टीएलसी म्हणजे पांढऱ्या पेशी. लॅबवाले 'टीसी-डीसी' म्हणतात त्यातला टीसी.

हा घोळ साधा नाही. 'पेशी चाळीस हजारांवर आल्या' हे वाक्य घ्या. प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असाव्या लागतात, म्हणजे ही मोठी घट. पांढऱ्या पेशी मोठ्या माणसात साधारण ४,००० ते ११,०००. त्या चाळीस हजार झाल्या तर ती अफाट वाढ. कारण जोरदार संसर्ग असेल, नाहीतर ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरची, शंका घेऊन पुढच्या तपासण्या कराव्या लागतात. तेव्हा निरोप देताना 'पांढऱ्या' की 'प्लेटलेट' ते सांगाच.

— भाच्याच्या २,८०० बद्दल : डेंग्यूत पांढऱ्याही उतरतात, बरेचदा प्लेटलेटच्या आधी. टायफॉइडमध्येही उतरू शकतात. न्यूमोनिया, अपेंडिक्स, गळू यांत सहसा चढतात. पण 'वाढल्या म्हणजे इन्फेक्शन' हे समीकरण डोक्यातून काढा. गरोदरपणात वाढतात, स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही वाढतात. कोणत्या जातीच्या वाढल्या ते डीसीत, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या जातवार मोजणीत कळतं. त्यातल्या इओसिनोफिल जातीच्या वाढल्या की जंत, दमा, अ‍ॅलर्जी आठवावी. केमो चालू असताना न्यूट्रोफिल ही दुसरी जात ५०० च्या खाली आणि अंगात ताप, असं झालं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

— 'ल्युकेमिया'तही पांढरा रंगच आहे. ग्रीक 'ल्युकॉस' म्हणजे पांढरा, 'हायमा' म्हणजे रक्त. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांनी १८४७ मध्ये हे नाव रूढ केलं. आपल्याकडचा पांडुरोग मात्र वेगळा, तिथे रक्त कमी होऊन माणूस फिकट पडतो.

प्रश्न : एक विचारते. अंगावरून पांढरं जातं त्याचा या पेशींशी संबंध असतो का? आमच्याकडे बायका सर्रास तसं म्हणतात.

— तो श्वेतप्रदर. रक्तातल्या पांढऱ्या पेशी अंगावरून जाऊन कमी होतात असं काही नसतं. खाज, वास किंवा पोटात दुखणं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा; त्यासाठी टीसी-डीसी करून काही हाती लागत नाही.