मदत हवी आहे: मुलगी पाठांतरावर ‘वाचते’, मुलगा पुस्तकच उघडत नाही (घरशिक्षण)

सर्वांना सलाम.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला एका खेड्यात राहतो. मिस्टर चर्चचे पाळक आहेत, तीन गावांच्या ख्रिस्ती मंडळ्या सांभाळतात. दर तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली. त्यात मुलाच्या तीन शाळा झाल्या आणि शेवटच्या शाळेत तो इतका गप्प झाला, की घरी आला तरी बोलेना. म्हणून यंदा जूनपासून दोघांनाही घरीच शिकवायला घेतलंय. मुलगा दहा वर्षांचा, मुलगी सातची. माझं डी.एड. झालंय, पण नोकरी कधी केली नाही.

गणित आणि परिसर अभ्यास बरा चाललाय. गाडी अडलीय ती वाचनात.

आमच्याकडे रोज रात्री जेवणं झाली की शास्त्रपाठ, म्हणजे बायबलवाचन, होतो. मुलगी दोन वर्षांची होती तेव्हापासून मांडीवर बसून ऐकते. परवा तिला बायबलातली रूथची गोष्ट काढून दिली. ओळीखाली बोट धरून खडखड वाचत होती. माझं मन भरून आलं. मग नीट पाहिलं तर बोट ‘बेथलेहेम’वर आणि तोंडात रूथची सासू नामी सुनांना काय म्हणाली ते. मी पानाच्या मधोमध तळहात ठेवला. वाचन थांबलं नाही. मग हात काढून एकाच शब्दावर बोट ठेवलं, ‘सरवा’ (कापणीनंतर शेतात पडून राहिलेलं धान्य). तीन अक्षरं, एकही जोडाक्षर नाही. तिला येईना. ‘स’ ओळखला, ‘र’ ओळखला, आणि मान खाली घातली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मुलाचं उलट आहे. त्याला सगळं वाचता येतं, पण तो वाचत नाही. बायबलात ‘त्याने त्यांस म्हटले’ असं आलं की पुस्तक मिटतो आणि विचारतो, “असं कोन बोलते वं आई?” काय उत्तर देऊ? घरात आम्ही वऱ्हाडीच बोलतो.

नेटवर शोधलं तर ख्रिस्ती घरशिक्षणाचं साहित्य ढीगभर, पण जवळजवळ सगळं अमेरिकेतल्या कुटुंबांनी केलेलं. बर्फातली माणसं, भोपळे, सफरचंदं रंगवायची पानं. काही कल्पना मनापासून आवडल्या. ‘फाइव्ह इन अ रो’ म्हणून एक पद्धत आहे. एकच चित्रपुस्तक सलग पाच दिवस वाचायचं आणि रोज त्यातला वेगळा विषय धरायचा, एक दिवस नकाशा, एक दिवस चित्रकला, असं. शार्लट मेसन (1842–1923) या इंग्रज शिक्षिकेची पद्धतही वाचली. चांगला उतारा एकदाच वाचायचा आणि मुलानं तो आपल्या शब्दांत परत सांगायचा. मुलाला हे थोडंफार जमतं. पण मला मराठीत आणि आमच्या मातीत बसेल असं हवंय.

हाताशी काय आहे तेही सांगते. बालभारतीची पुस्तकं मोबाइलवर उतरवून घेतली आहेत. ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाचे जुने अंक नेटवर फुकट मिळतात, ते मुलाला दाखवते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी तालुक्याला जाऊन छापून आणते. रंगीत प्रिंट परवडत नाही, काळ्या-पांढऱ्याच. तालुक्याच्या वाचनालयात मुलांचं एकच कपाट आहे आणि किल्ली असलेले गृहस्थ नेहमी बाहेर गेलेले असतात.

मुलीचं पाठांतर मोडायचं का? ते मोडलं तर वचनांची गोडीच जाईल अशी भीती वाटते. आणि मुलाला या भाषेत कसं आणू? मी कुठे चुकतेय तेही स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

– सरकीचं फूल

जुना फळा:
ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं पहिली-दुसरी शिकवली. आधी धीर धरा. पाठांतर मोडू नका, तीच तुमच्या लेकीची पुंजी आहे. आमच्याकडे वारकरी घरातली पोरं हरिपाठ असाच ‘वाचायची’. त्यातलीच पुढे उत्तम वाचायला लागली, पण एक काम करावं लागायचं. पाठ असलेला मजकूर फोडायचा.

‘उपासना संगीत’ या तुमच्या चर्चच्या गीतपुस्तकातलं तिला तोंडपाठ असलेलं एक गीत घ्या. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ठसठशीत अक्षरात चार ओळी लिहा आणि शब्द-शब्द कापून वेगळे करा. जमिनीवर पसरा आणि तिला म्हणा, गाणं परत लाव. तोंडात गाणं आहेच, आता हातानं शब्द शोधावा लागतो. तिसऱ्या दिवशी एक शब्द गुपचूप काढून घ्या आणि कोणता हरवला ते विचारा. चौथ्या दिवशी त्याच शब्दांतून तिला नवीन वाक्य करू द्या. इथे पाठांतराचा उपयोग संपतो आणि वाचन सुरू होतं.

दुसरं, ती बोलते ते तिच्यासमोर लिहा. “मले भूक लागली” म्हणाली तर ‘मले’च लिहा, ‘मला’ करू नका. स्वतःच्या तोंडचं वाक्य कागदावर दिसलं की अक्षराचं नातं आवाजाशी जुळतं. प्रमाण मराठी पुढच्या वर्षी येईल. आणि तळहात ठेवून परीक्षा पुन्हा घेऊ नका. तिनं मान खाली घातली, ते वाचून मला फार वाईट वाटलं.

द्राक्षवेल:
सरकीचं फूल, मी नाशिकची, आमचंही कुटुंब ख्रिस्ती. थोरलीला सहा वर्षं घरी शिकवलं. मुलाबद्दल लिहिते.

तो परत सांगतो तेव्हा तुम्ही मधे दुरुस्त करता का? मी करायचे. “नाही, आधी काय झालं?” असं विचारलं की ती परीक्षा होते. मेसन बाईंचा आग्रह होता की मूल सांगत असताना मोठ्यांनी मधे पडायचं नाही. वऱ्हाडीत सांगू दे त्याला. दावीद आणि गल्याथ वऱ्हाडीत कसा रंगेल! ते मोबाइलवर रेकॉर्ड करा, मग त्यालाच ते ऐकून लिहून काढू द्या. बहिणीला वाचायला पुस्तक तयार.

‘असं कोण बोलतं’ याचं खरं उत्तर द्या. आज कुणीच बोलत नाही, ती जुन्या पुस्तकी मराठीची धाटणी आहे. सोप्या मराठीतलं भाषांतर शेजारी ठेवा आणि एकच परिच्छेद दोन्हीकडून वाचा. पंडिता रमाबाईंनीही मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षं घातली. 1922 मध्ये त्या गेल्या आणि ते 1924 मध्ये छापून आलं. हेही त्याला सांगा: रमाबाई शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांना संस्कृत शिकवलं ते त्यांच्या आईनं, घरी आणि तीर्थयात्रांच्या वाटेवर. माझ्या लेकीला याचा फार आधार वाटला होता.

आणि लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा. शेजारची बाई ओट्यावर बसून सांगतेय असं गद्य आहे. नागपूरचे दिवसही त्यात आहेत. सगळं नाही, निवडक पानं. सोवळ्याओवळ्याचे प्रसंग आले की मुलं प्रश्न विचारतील, थांबून बोला.

वर्धेकर:
वाचनाबद्दल नाही, पण कुणीतरी सांगायला हवं म्हणून लिहितो. मुलाचं पुढे अडणार नाही. एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे स्तर आहेत, आणि दहावीला चौदा वर्षं पूर्ण लागतात. शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्मही आहेच. शाळांचे जुने दाखले जपून ठेवा.

सरकीचं फूल:
तीन आठवड्यांनी धागा वर काढते आहे.

जुना फळा गुरुजी, तुमचं वाचून मी रडले. तळहात पुन्हा ठेवला नाही. गाण्याच्या चिठ्ठ्या केल्या. पहिल्या दोन दिवसांत तिनं चिठ्ठ्या लांबीवरून ओळखल्या, तिसऱ्या दिवशी अक्षरांवरून.

मोठी गोष्ट शेतात घडली. सोयाबीन निघालं होतं आणि मंडळीतल्या एका मावशींसोबत आम्ही तिघं सरवा वेचायला गेलो. उन्हात पाठ मोडून दोन तासांत तिघांच्या मिळून जेमतेम दोन पायल्या भरल्या. मुलगा म्हणाला, “रूथनं तर एफाभर सातू वेचला होता, ते बाई किती वाकली असंन!” (एफा म्हणजे बायबलातलं धान्याचं माप.) घरी आल्यावर त्यानं आपणहून दुसरा अध्याय काढला, आणि शेताचा मालक बवाज यानं गड्यांना पेंढ्यांतून मुद्दाम काही टाकायला सांगितलं होतं ते शोधून मावशींना वाचून दाखवलं. मावशींना वाचता येत नाही. त्यांनी दोनदा वाचायला लावलं, तर त्यानं दोनदा वाचलं. मी मध्ये बोलले नाही, द्राक्षवेल.

मुलीनं पोत्यावर खडूनं लिहिलं: सरवा. ‘र’ उलटा काढला होता, मी तसाच राहू दिला.

आता येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला घेतलाय, ज्यात काही बी वाटेवर पडतं. मुलाची शंका रास्त होती: आपल्याकडे तिफणीनं पेरतात, कपाशी टोबतात, मग शहाणा शेतकरी बी वाटेवर कशाला पाडंल? आजोबांनी सांगितलं की तो फोकून, म्हणजे मुठीनं विखरून, पेरत होता. अंगणात मूठभर मेथी फोकून पाहिली. काही पायवाटेवर पडली, ती चिमण्यांनी नेली. त्याची चार ओळींची नोंद त्यानं वहीत लिहिली आणि बहिणीनं अडखळत वाचली. ‘चिमण्यांनी’वर बराच वेळ थांबली, मग एकदम म्हणाली. हे पाठ केलेलं नव्हतं, त्याच सकाळी लिहिलेलं होतं.

एक मदत अजून हवी आहे. अमेरिकन मराठी मिशननं मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ नावाचं मासिक काढलं होतं. कुणाच्या घरी, चर्चच्या कपाटात किंवा जुन्या मिशन बंगल्यात त्याचे बांधीव अंक असतील, तर गोष्टींच्या दोन-चार पानांचे फोटो इथे टाकाल का? अक्षर मोठं असेल तर मुलीसाठी, नसेल तर मी हातानं उतरवून घेईन.