लास वेगासच्या कॅसिनो-हॉटेलात एकटीने, बेताच्या खर्चात राहता येईल का?

हिशेबवही (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. मी कोल्हापूरच्या कोषागार कार्यालयातून लेखाधिकारी म्हणून निवृत्त झाले असून सध्या कॅलिफोर्नियात, सॅन होजे येथे मुलीकडे राहायला आले आहे. वय ६४, गुडघे अजून साथ देतात, दम्याचा त्रास मात्र जुना आहे. मुलगी आणि जावई आठवडाभर नोकरीत गुंतलेले असतात आणि मिळालेली सुट्टी त्यांनी मला फिरवण्यात घालवावी हे मला पटत नाही, म्हणून डिसेंबरच्या मध्यावर रविवार ते बुधवार अशा तीन रात्री एकटीनेच लास वेगासला जाऊन यावे असे मनात आहे. "आई, तू जुगाराच्या हॉटेलात एकटी राहून करणार काय?" असे मुलगी विचारते. मला ते गाव पाहायचे आहे, एवढेच तिला सांगितले आहे.

अडचण हिशेबाची आहे. एका मोठ्या कॅसिनो-हॉटेलच्या खोलीचा दर रात्रीला ३२ डॉलर दिसला आणि एवढ्यात तर आपल्याकडच्या बऱ्या लॉजची खोलीही मिळत नाही म्हणून मी हरखले. पण पैसे भरण्याच्या पानापर्यंत गेल्यावर तोच आकडा ८७ डॉलर झाला. वाढलेल्या रकमेतील ४५ डॉलर 'रिसॉर्ट फी'चे आणि उरलेले कराचे आहेत असे कळले. मला पोहायचे नाही आणि व्यायामशाळेत जायचे नाही, तर ही फी माफ होते का? शिवाय येताना अनामत घेतात म्हणतात, ती कशी व किती? नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हीच खोली कितीतरी पट महाग का दाखवतात? मी शाकाहारी आहे, धुराचा मला त्रास होतो, आणि न खेळता नुसते राहिले तर कोणी नाराज होते का, हेही विचारून ठेवते. खेळण्यासाठी म्हणून ४० डॉलर वेगळे काढले आहेत. त्यापुढे एक सेंटही नाही.

वाळवंटातला वऱ्हाडी

ताई, मी मूळचा अकोल्याचा असून गेली बारा वर्षे ॲरिझोनात मुलाकडे असतो आणि वर्षातून एकदा तरी एकटाच तिकडे जातो, तेव्हा अनुभवाचे लिहितो.

रिसॉर्ट फी माफ होत नाही. तुम्ही तलावाकडे फिरकला नाहीत तरी ती द्यावीच लागते, आणि तिच्यावरही सुमारे १३ टक्के खोलीकर बसतो, म्हणून ३२ आणि ४५ मिळून ७७ चे ८७ होतात. पूर्वी ही फी शेवटच्या पानापर्यंत दडवून ठेवत असत. १२ मे २०२५ पासून अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाच्या नियमानुसार सक्तीच्या फीसह एकूण भाडे आधीच दाखवणे बंधनकारक झाले आहे, तरी तुम्हाला दिसले तसे अजूनही घडते. कर मात्र अजूनही नंतर मिळवला तरी चालतो. दोन हॉटेलांची तुलना करताना केवळ शेवटचा आकडा पाहा, कारण ५५ डॉलरची बिनफीची खोली ३२ वाल्या खोलीपेक्षा स्वस्त पडते.

अनामतीचे नीट समजून घ्या. चावी देण्यापूर्वी तुमच्या कार्डावर ५० ते १०० डॉलर, कुठे रात्रीला तर कुठे एकूण मुक्कामाला, अडकवून ठेवतात. क्रेडिट कार्ड असेल तर ती रक्कम काही दिवसांत आपोआप सुटते. भारतातून आणलेले फॉरेक्स कार्ड (आधीच डॉलर भरून घेतलेले) दिलेत तर पैसे खरोखरच अडकतात आणि परत यायला कधी कधी तीन-तीन आठवडे लागतात. माझे एकदा असे अडकले होते आणि परतीच्या बसच्या तिकिटाला मुलाकडे हात पसरावा लागला होता.

खोलीतील फ्रीजला हात लावू नका. त्यातील बाटल्यांखाली वजन ओळखणारी यंत्रणा असते. बाटली उचलून बाजूला ठेवली तरी काही वेळाने ती तुमच्या बिलावर चढते. चहाची किटलीही बहुतेक खोल्यांत नसते, कारण तुम्ही खोलीत बसून चहा प्यावा हे त्यांना नकोच असते. तुम्ही खाली यावे, आणि खाली आलात की जुगाराच्या यंत्रांच्या मधूनच जावे, अशीच त्या इमारतींची रचना आहे. स्वागतकक्षापासून लिफ्टपर्यंत, लिफ्टपासून जेवणापर्यंत, सगळ्या वाटा जुगाराच्या दालनातून जातात. तुम्हाला दमा आहे म्हणून हे मुद्दाम लिहितो: नेवाडाच्या २००६ च्या धूम्रपानविरोधी कायद्यातून कॅसिनोची दालने वगळलेली आहेत, त्यामुळे खोली धूम्रपानमुक्त घेतली तरी वाट धुरातूनच असते. मुख्य रस्त्यावर, म्हणजे 'स्ट्रिप'वर, 'पार्क एमजीएम' हे कॅसिनो-हॉटेल २०२० पासून संपूर्ण धूरमुक्त आहे. थोडे महाग पडले तरी तुमच्यासाठी मी तेच सुचवीन.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तेथे २०२३ पासून फॉर्म्युला वनची शर्यत भरते, तीही त्याच रस्त्यावर. म्हणून ते भाव. डिसेंबरच्या सुरुवातीला मोठा रोडिओ, म्हणजे उधळत्या घोड्या-बैलांवर स्वारीचे सामने, असतो, तो संपल्यावर नाताळापर्यंतचे दिवस सर्वांत स्वस्त. तुम्ही रविवार ते बुधवार निवडलेत ते उत्तमच केलेत, कारण शुक्रवार-शनिवारी तीच खोली दुप्पट-तिप्पट होते.

अंतरे फसवी आहेत. समोरची इमारत दहा मिनिटांवर वाटते आणि पोहोचायला अर्धा तास लागतो, कारण स्ट्रिप जवळजवळ सात किलोमीटर लांब असून रस्ता ओलांडायला पुलांवर चढावे-उतरावे लागते. 'ड्यूस' नावाची दुमजली बस अहोरात्र धावते, तिचा दिवसभराचा पास घ्या. ती जुन्या भागातील फ्रीमाँट स्ट्रीटपर्यंतही जाते. तेथील हॉटेले स्वस्त आहेत, 'एल कोर्टेझ' तर १९४१ पासून चालू आहे, पण रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर वाद्यवृंद चालतो, तेव्हा झोप सावध असेल तर तिकडे राहू नका, नुसते पाहून या.

फुकटचे म्हणाल तर 'बेलाजिओ'ची कारंजी दुपारी दर अर्ध्या तासाने आणि रात्री दर पाव तासाने उडतात, आणि आतील फुलांचे दालनही विनामूल्य आहे. जुन्या याद्यांत 'मिराज'चा ज्वालामुखी हमखास असतो. ते हॉटेल जुलै २०२४ मध्येच बंद झाले, त्याच्या शोधात पायपीट करू नका. रस्त्यावर कोणी हसतमुखाने "फुकट शो-तिकीट" देऊ करील, त्यालाही नम्रपणे नकार द्या. त्या तिकिटासाठी सुट्टीतील घराच्या हिस्सेदारीचे दोन-तीन तासांचे व्याख्यान ऐकावे लागते, आणि आपल्या वयाची माणसे त्यांना फार आवडतात.

न खेळल्याबद्दल कोणी विचारत नाही. एकटीची काळजी वाटत असेल तर आणखी एक गोष्ट सांगतो: ऑक्टोबर २०१७ मध्ये तेथील एका हॉटेलच्या खोलीतून झालेल्या गोळीबारानंतर बऱ्याच हॉटेलांत दारावर 'त्रास देऊ नका'ची पाटी असली तरी ठरावीक काळाने कर्मचारी येऊन खोली पाहून जातो. तेव्हा दार वाजले म्हणून घाबरू नका, मात्र साखळी लावूनच आधी ओळख विचारा.

शून्याचा मास्तर

वरील उत्तरात खेळाचा भाग राहिला आहे, आणि मी आयुष्यभर गणित शिकवले असल्याने तेवढाच लिहितो.

रूलेट म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कोणत्या घरात पडेल याची पैज. अमेरिकी रूलेटच्या चाकावर ३८ घरे असतात: १ ते ३६, एक शून्य आणि एक दुहेरी शून्य. प्रत्येक घरावर एक-एक डॉलर ठेवला तर ३८ डॉलर लागतील. गोळी कोठेही पडो, तुमच्या हाती ३६ परत येतील. म्हणजे गेले ते दोन, शंभराला ५.२६. स्ट्रिपवर हल्ली तिहेरी शून्याचीही चाके दिसतात. तेथे ३९ घरे झाली तरी मिळतात ३६ च, आणि तूट ७.६९ टक्क्यांवर जाते. एका शून्याच्या चाकावर ती २.७० असते, पण तेथे कमीत कमी पैज मोठी असते. गरिबाला महाग सौदा, हा नियम तेथेही आहेच.

तुम्ही बहुधा 'पेनी' यंत्राकडे जाल, म्हणून त्याचा हिशेब सांगतो. यंत्रावर एक सेंट लिहिलेले असते, परंतु एका फेरीला चित्रे जुळण्याच्या सगळ्या ओळी मिळून किमान ५०-६० सेंट लागतात. तासाला ५०० फेऱ्या सहज होतात. ६० सेंटप्रमाणे तासाला ३०० डॉलरची उलाढाल झाली आणि यंत्राने सरासरी १० टक्के राखले, तर ३० डॉलर गेले. तुमची तरतूद सव्वा-दीड तासाची आहे. फेऱ्यांचा वेग निम्मा केलात तर तीच तरतूद दुप्पट टिकेल, दुसरी कोणतीही युक्ती नाही. "आता हे यंत्र द्यायला आले आहे" असे शेजारची बाई सांगेल. यंत्राला मागची फेरी आठवत नसते.

ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर '३ ला २' की '६ ला ५' हे वाचल्याशिवाय बसू नये. दहा डॉलरवर पहिल्याच दोन पत्त्यांत २१ जुळले तर पहिल्या टेबलावर १५ मिळतात, दुसऱ्यावर १२, आणि स्वस्त टेबले बहुतेक दुसऱ्या प्रकारचीच असतात. यंत्रावर मोठी रक्कम लागलीच, तर परदेशी नागरिकाकडून ३० टक्के कर तेथेच कापून घेतात. रूलेट आणि ब्लॅकजॅकला ती कपात नाही. ही तुमची चिंता ठरो, अशी शुभेच्छा देतो.

फोंडेकर

एवढ्या लांब कशाला, गोव्याला या, असे लिहिणार होतो. पण तुमच्या हिशेबात गोवा बसत नाही. १९७६ च्या आमच्या जुगारविषयक कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना परवानगी मिळाली आणि पुढे मांडवीतील जहाजांना, त्यामुळे जमिनीवरचा कॅसिनो म्हटले की खोली पंचतारांकितच. जहाजावर प्रवेशाच्या पैशांतच जेवण व पेये येतात, मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला आहे. आम्हा गोंयकारांना २०२० पासून आत प्रवेशच नाही, तेव्हा मी हे सगळे काठावरून सांगतो आहे. तुमच्या महाराष्ट्राने तर १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी लागू केला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही करून टाकला.

हिशेबवही

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जाऊन आले, हिशेब मांडते.

धूरमुक्त हॉटेलात त्या दिवसांत खोली परवडेना, म्हणून पहिल्याच हॉटेलात राहिले आणि दालनातून जाताना नाकाला पदराऐवजी मास्क लावला. तीन रात्रींचे २६१ डॉलर, बस आणि टॅक्सीचे ५८, खाण्याचे ६४. खाणे इतके कमी झाले ते दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीमुळे. दुपारी एक वेळ बाहेर भात-राजमा किंवा पिझ्झा. फ्रीजचा इशारा वाचूनही दह्याच्या डबीसाठी मी एक बाटली जरा सरकवलीच आणि निघताना बिलावर १४ डॉलर दिसले. स्वागतकक्षातील मुलीला खोलीत चलून बाटली मोजून पाहा असे सांगितले, तेव्हा तिने हसून रक्कम काढून टाकली. अनामतीचे १०० डॉलर आज नवव्या दिवशीही सुटलेले नाहीत.

मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे सावकाश खेळले. एक फेरी, मग शेजारणीशी दोन शब्द, मग पुढची फेरी. चाळीस डॉलर दोन संध्याकाळी पुरले आणि शेवटी ११ डॉलर ३५ सेंटची चिठ्ठी हाती आली. पैसे देणाऱ्या यंत्राने ११ डॉलर दिले आणि उरलेल्या ३५ सेंटची पुन्हा एक चिठ्ठी छापून दिली, कारण त्यात नाणी नसतात. लोक ती चिठ्ठी तेथेच टाकून जातात असे दिसले. बाजूच्या टोपलीत कितीतरी पडल्या होत्या. मी रोखपालाच्या रांगेत वीस मिनिटे उभी राहिले. त्याने चिठ्ठीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि एक पंचवीस सेंटचे व एक दहा सेंटचे अशी दोन नाणी मोजून काचेखालून पुढे सरकवली. जमेच्या बाजूला ती लिहिली आहेत.